मागची बाजू कोण वाचतं?

फिरकीचं खरं नाव ऑफिसात फक्त हजेरीच्या वहीत होतं. बाकी सगळ्यांसाठी तो फिरकी. वय बावन्न, डोक्यावर केस मोजके, आणि दिवसातून एकदा तरी कुणाची फिरकी घेतल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही असा माणूस.

टायरच्या दुकानावर दोन खोल्यांत त्यांची जाहिरात कंपनी होती. कंपनी म्हणजे मॅडम, मजकूर लिहिणारी एक मुलगी आणि खिडकीपाशी फिरकी. त्या मुलीला तो शब्दवाली म्हणायचा. खालून दिवसभर रबराचा वास यायचा, आणि हवा भरायचं मशीन सुरू झालं की टेबलावरच्या पेन्सिली थरथरायच्या. नवीन गिऱ्हाईक दचकलं की फिरकी गंभीरपणे सांगायचा, "घाबरू नका, मॅडम विचार करतायत."

फिरकीचं डोकं मात्र भलतंच चालायचं. एका न्हाव्याचं कार्ड त्याने असं केलं होतं की वर एक चेहरा, आणि कपाळावर कागदाच्या बारीक चिरलेल्या पट्ट्या. ज्याला कार्ड मिळेल त्याने कात्रीने आपल्याला हवे तसे केस कापावेत. डांबरगोळ्यांच्या पाकिटावर त्याने कपडे खाणारी एक कसर काढली होती, हातात बॅग घेऊन घर सोडून निघालेली. गिऱ्हाईक आधी हसायचं, मग "नको हो, हे नको" म्हणायचं, आणि दोन दिवसांनी फोन करायचं, "तेच करा."

आता ह्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच झाला. खोका करताना आकार आधी ठरतो, मजकूर मागून येतो. तोवर त्या जागेत काहीतरी भरून ठेवावं लागतं. त्याला म्हणायचं डमी. बाकीचे लोक डमी म्हणून अर्थ नसलेली अक्षरं ओततात. फिरकीला ते पटायचं नाही. "सदरा शिवायचा तर माप माणसाचं घ्यावं," तो म्हणायचा, "बुजगावण्याचं नाही." म्हणून तो डमीतही खरी वाक्यं लिहायचा. खरी म्हणजे भलतीच खरी. एका मलमाच्या खोक्यावर त्याने लिहिलं होतं, 'ह्या मलमाने काही होत नाही, पण चोळल्याने बरं वाटतं.' शब्दवाली ते वाचून पोट धरून हसायची आणि मग त्या जागी शहाण्यासारखा मजकूर भरायची. सहा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

गेल्या दोन वर्षांत मात्र डमीतले विनोद आटले होते. शब्दवालीच्या ते ध्यानात आलं होतं, पण ती काही बोलली नाही. फिरकी आता डमीत ताईला पत्रं लिहायचा.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा ताई वीस वर्षांची होती आणि हा नऊ वर्षांचा. ती वीज कंपनीच्या ऑफिसात लोकांच्या तक्रारी नोंदवायच्या टेबलावर लागली, आणि त्याच टेबलावरून चाळीस वर्षांनी निवृत्त झाली. घरात पुस्तकं नव्हती, म्हणून तिने त्याला फळीवर जे असेल त्याच्यावर वाचायला शिकवलं. दंतमंजनाचा डबा, काडेपेटी, खोकल्याचं औषध.

"मागची बाजू आधी वाच," ती म्हणायची. "पुढे नुसतं ओरडतात. खरं काय ते मागे लिहितात."

तर अशी ताई. निवृत्त झाल्यावर तिने घरी साबण करायला घेतला. चांगला साबण होता. ओबडधोबड वड्या, पण फेस असा की हात धुतल्यावर आपलेच हात पुन्हा पाहावेसे वाटावेत. एका प्रदर्शनात तिने छोटं दुकान मांडलं. फिरकी म्हणाला, "पाटीचं माझ्यावर सोड." तिने सोडलं. तिथेच तिचं चुकलं.

पाटीवर त्याने ताईचा चेहरा काढला, भुवया चढवलेला, हुबेहूब. खाली नाव, 'खाष्ट साबण'. आणि त्याखाली ओळ, 'मळच काय, माणूसही पळेल!'

लोक थांबून थांबून हसत होते. दुपारपर्यंत टेबल रिकामं झालं. फिरकी टाळ्या पिटत आत आला तेव्हा ताई रिकाम्या टोपल्यांची चळत लावत होती. भुवया चढलेल्या नव्हत्या. त्या खाली आल्या होत्या, आणि तसा चेहरा त्याने तिचा कधी पाहिला नव्हता. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. ताई चोवीस वर्षांची असताना तिचं लग्न ठरलं होतं, आणि तो माणूस पळाला होता. आख्ख्या गल्लीला माहीत होतं. फिरकीला तर होतंच होतं. पण ओळ सुचली ती इतकी झटकन, की माणूस आठवायच्या आत ती रंगवूनसुद्धा झाली.

ताई भांडली नाही. टोपल्या उचलून घरी गेली. साबण बंद केला आणि फिरकीचे फोन घेणंही. त्याची बायको दर आठवड्याला तिच्याकडे जायची, दोघींचं गूळपीठ जमायचं. पण फिरकीचा विषय निघाला की ताई म्हणायची, "दुसरं बोल." दोनदा तो स्वतः दारात गेला. दोन्ही वेळा आतून रेडिओचा आवाज मोठा झाला.

माफीसुद्धा मागता येईना. गमतीशिवाय काही बोलायची सवयच नव्हती, आणि गंमत करायची तर आता हिंमत नव्हती. म्हणून मग डमी. जे कुणी वाचणार नाही, तिथे माणूस मोकळं लिहितो.

मग आलं गरम पाण्याच्या पिशवीचं काम. गुडघे, कंबर शेकायची रबरी पिशवी, साधी. कारखानदार म्हणाला, "काहीतरी झकास करा, पण फोन नंबर मोठा पाहिजे." फिरकीने खोक्यावर एक गुडघा काढला आणि त्यावर वेटोळं करून झोपलेलं मांजर. नीट पाहिलं तर मांजर म्हणजे पिशवीच, तिचं बूच म्हणजे मांजराचं डोकं. मॅडम ते चित्र पाहून म्हणाल्या, "काका, ह्याला गोंजारावंसं वाटतंय." त्या खूश असल्या की काका म्हणायच्या.

मागच्या बाजूचा मजकूर यायचा होता. फिरकीने नेहमीसारखी जागा भरली. मथळ्याचं आणि शेवटचं तक्रारीचं वाक्य नेहमीचं होतं. मधलं त्याचं स्वतःचं:

'वापरण्यापूर्वी हे वाचा.
१. ताई, तू हे वाचणार नाहीस म्हणून लिहितोय.
२. लहानपणी दूध पावडरचा डबा तू फस्त केलास आणि आईचा मार मी खाल्ला. ते मी केव्हाच माफ केलंय.
३. ती ओळ सुचली तेव्हा मी आधी हसलो, आणि तुझ्याकडे नंतर पाहिलं. क्रम उलटा हवा होता.
४. तुला सोडून जो पळाला तो गाढव. त्याच्यावरून विनोद करणारा त्याच्याहून मोठा.
५. गुडघा फार दुखला तर एकटी शेकत बसू नकोस. हाक मार.
तक्रार असल्यास कारखान्याच्या पत्त्यावर कळवा. आमचा माणूस घरी येईल.'

त्याच आठवड्यात शब्दवाली बाळंतपणाच्या रजेवर गेली. जाताना तिने खरा मजकूर मॅडमना पाठवला. मॅडमना वाटलं तो फिरकीलाही गेलाय आणि त्याने भरलाय. फिरकीला वाटलं मॅडमनी भरलाय. कंप्युटरवर तीन फाइली होत्या: 'फायनल', 'खरंच फायनल' आणि 'आता हात लावू नका'. छपाईला गेली ती तिसरी. त्याआधी कारखानदाराने प्रूफ पाहिलं ते असं, की पुढचं मांजर पाहिलं, स्वतःचा फोन नंबर दोनदा तपासला आणि सही ठोकली.

छापून आलेला पहिला खोका फिरकीनेही हातात घेतला होता. ट्यूबलाइटखाली धरला. मांजराचा रंग पसरलाय का, घडी सरळ पडतेय का, गोंदाची पट्टी सुटतेय का, सगळं पाहिलं. मागच्या ओळी जागेवर नीट बसल्यात, एवढंही पाहिलं. वाचलं नाही. आयुष्यभर अक्षरं मांडणाऱ्याला अक्षरं दिसतात ती भिंतीतल्या विटांसारखी. वीट कोण वाचतं?

संध्याकाळी तो खोका पिशवीसकट घरी घेऊन गेला.

"ताईंचा गुडघा परत धरलाय," बायको म्हणाली.

"मग हे दे नेऊन. माझं नाव सांगू नकोस."

"अहो, मांजर पाहूनच ओळखतील त्या."

"ओळखू दे. तू सांगू नकोस, म्हणजे झालं."

असं त्याने ते स्वतःच्या हाताने पाठवलं, आणि निवांत झोपला.

तीन आठवड्यांनी सकाळी कारखानदार जिना दणाणत वर आला. खोका मॅडमच्या टेबलावर उलटा आपटला.

"वाचा."

मॅडमनी वाचलं. खाली हवेचं मशीन सुरू झालं, पेन्सिली थरथरल्या. कुणी विनोद केला नाही.

"एका बाईंची तक्रार आलीय गोडाऊनवर," कारखानदार म्हणाला. "दोन पानं! पहिलीच ओळ, 'मागची बाजू पाहावी.' तेव्हा मी पाहिली. माझ्या मालावर कुणाची ताई आहे ही?"

"माझी," फिरकी म्हणाला. त्याचे कान तापले होते. खोका कुणाच्या घरी गेलाय हे त्याला आता आठवलं होतं. चव्हाट्यावर तिची एकदा शोभा केली, ती एका पाटीवर. आता खोक्याखोक्यावर, दुकानादुकानांत, छापील. दोन वर्षांपूर्वी दार बंद झालं होतं. आता बहुतेक चिणलं जाणार होतं.

"अहो फिरकी," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. 'काका' गायब होतं. "उकळतं पाणी भरू नका, ही एक ओळ तिथे असायला हवी होती. कुणाचा हात भाजला असता तर?"

"आत चिठ्ठी आहे, त्यावर आहे ते," फिरकी पुटपुटला. मग म्हणाला, "नाही. चूक माझीच. दुकानांतून परत आणू, सगळ्यांवर खरा मजकूर चिकटवू. मी चिकटवतो. ते पत्र कुठाय?"

"गोडाऊनवर. आधी चिकटव, मग वाच," कारखानदार म्हणाला. मग सहीचा कागद आठवून जरा नरमला. "मीही वाचलं नाही म्हणा. मागची बाजू कोण वाचतं?"

"एक बाई वाचते," फिरकी म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो गोडाऊनमध्ये पालथ्या डब्यावर बसला. उजवीकडे खोक्यांचा डोंगर, डावीकडे स्टिकरांची भेंडोळी. एक खोका घ्यायचा, उलटा करायचा, स्टिकर लावायचं, अंगठ्याने दाबत न्यायचं. 'ताई' झाकली जायची. 'क्रम उलटा हवा होता' झाकलं जायचं. 'आमचा माणूस घरी येईल' तेवढं स्टिकरच्या खालच्या कडेबाहेर उरायचं, कारण माप घेताना तो जरा चुकला होता. पहिल्या पन्नास खोक्यांवर त्याला रडू येत होतं, पुढच्या दोनशेंवर कंबर धरली. मॅडम दुपारी आल्या, पदर खोचून शेजारी बसल्या आणि चिकटवू लागल्या.

तिसऱ्या दिवशी गोडाऊनच्या कारकुनाने पत्र आणून दिलं. "मालक म्हणाले, पुरे झालं, देऊन टाक."

लिफाफ्यावरचं अक्षर पाहूनच फिरकीचा हात थांबला. चाळीस वर्षं लोकांच्या तक्रारी नोंदवलेलं अक्षर. आत डावीकडे समास सोडलेला, वर विषय अधोरेखित: 'मागची बाजू पाहावी.'

'महाशय,

आपल्या पिशवीबद्दल तक्रार नाही. गळत नाही, शेक चांगला लागतो. मांजर ठीक. तक्रार मागच्या मजकुराबद्दल आहे.

मुद्दा पहिला चुकीचा आहे. मी वाचते.

मुद्दा दुसरा खोटा आहे. दूध पावडर मी खाल्लेली नाही. मजकूर लिहिणाऱ्यानेच खाल्ली, आणि पांढऱ्या मिशा घेऊन झोपून गेला. मार योग्य माणसाला मिळाला होता.

तिसरा बरोबर आहे.

मुद्दा चौथा संपूर्ण चुकीचा आहे. ते गृहस्थ पळाले नाहीत. त्यांना मी परत पाठवलं. घरात तेरा वर्षांचा मुलगा होता. त्याला वसतिगृहात ठेवू, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, मग तुम्ही या. लोक म्हणाले पळाला, मी म्हणू दिलं. खरं सांगितलं असतं तर त्या मुलाने ते जन्मभर डोक्यावर वाहिलं असतं. त्याला मुळात धड दप्तर वाहायची अक्कल नव्हती. पाटी वाचून मला वाईट वाटलं ते ह्याचं, की ज्याच्यासाठी घालवला, त्यानेच चारचौघांत पळाला म्हणावं. पण त्याला माहीत नव्हतं, आणि ते मीच माहीत होऊ दिलं नव्हतं. हे ध्यानात यायला मला दोन वर्षं लागली. तेवढी चूक माझी नोंदवावी.

मुद्दा पाचवा मान्य. फोन उचलायला हवा होता.

खोक्यावर छापल्याप्रमाणे आपला माणूस घरी पाठवावा. चारनंतर. त्याआधी मी झोपलेली असते.'

फिरकीने पत्र एकदा वाचलं, मग दुसरं पान उलटं करून मागची बाजू पाहिली. कोरी होती. त्याने मॅडमकडे पत्र दिलं आणि खोके पाहत बसला. मॅडमनी वाचलं, नाक ओढलं, आणि घड्याळ पाहिलं.

"साडेतीन झालेत," त्या म्हणाल्या. "निघा. राहिलेले मी लावते. आणि काका..."

"काय?"

"जाऊन आधी काही बोलू नका. तुमचं तोंड उघडलं की घोटाळा होतो."

ताईच्या दारावर त्याने टकटक केली. रेडिओ मोठा झाला नाही. साखळी तशीच ठेवून दार चार बोटं उघडलं. फटीत अर्धा चष्मा, एक भुवई. चढलेली.

"कोण?"

"कंपनीचा माणूस," फिरकी म्हणाला.

"ओळखपत्र?"

त्याने खिसे चाचपले. मग पाहिलं तर शर्टाच्या बाहीवर गोडाऊनचं एक स्टिकर चिकटून आलं होतं. त्याने हात फटीपुढे धरला. ताईने चष्मा वर सारला आणि वाचायला लागली. उकळतं पाणी भरू नये. बूच घट्ट लावावं. लहान मुलांपासून दूर ठेवावं. सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग साखळी निघाली.

"लहान मुलांपासून दूर ठेवावं," ती म्हणाली. "हे मला कुणी चाळीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. ये आत, गधड्या. पाय पूस."

आत मांजराचा खोका रेडिओवर ठेवला होता, मागची बाजू पुढे करून. फिरकी खुर्चीत बसला. मॅडमनी सांगितलेलं त्याच्या ध्यानात होतं, पण तोंड उघडलंच.

"ताई, मला माहीत नव्हतं गं."

"माहीत होऊ नये म्हणून तर एवढा खटाटोप."

"तुला पुढे वाटलं नाही कधी, की..."

"वाटलं ना. तू दहावीला गणितात अकरा मार्क आणलेस तेव्हा फार वाटलं." ती गुडघा धरून समोर बसली. त्याचा हात ओढून बाहीवरचं स्टिकर सोडवू लागली, नखाने, हळूहळू, कापड ओढलं जाऊ नये म्हणून. "मग दुसऱ्या दिवशी तू त्याच निकालपत्रावर त्या दोन एकांना हातपाय काढून कवायत करायला लावलीस. मी सही करताना हसले. हसलेल्या माणसाला पस्तावता येत नाही."

फिरकीने डोळे पुसले ते दुसऱ्या बाहीने, कारण ही तिच्या ताब्यात होती.

"एक सांगू? ते खोक्यावरचं... मी मुद्दाम नाही छापलं. चूक झाली. खरं तेच सांगतोय, तुला वाटलं असेल की मी..."

"मला काही वाटलं नाही. चूकच आहे ती, ओळखलं मी." स्टिकर अखंड निघालं. तिने ते टेबलाच्या कडेला चिकटवून टाकलं. "मुद्दाम केलं असतंस तर पुढच्या बाजूला केलं असतंस."

मग ती उठली, आतून एक ताट घेऊन आली. ताटात साबणाच्या नऊ वड्या होत्या, ताज्या, अजून कडा मऊ.

"परवा केल्या. वेष्टन नाहीये."

फिरकीने एक वडी उचलली, वास घेतला. खिशातून पेन्सिल निघाली, ती काढल्याचं त्याला कळलंही नाही. आणि त्याच क्षणी ओळ सुचली. सुचली ती झटकन, नेहमीसारखी, घरंगळत आल्यासारखी. त्याचा हात कागदाकडे गेला, आणि मध्येच थांबला. त्याने मान वर करून ताईकडे पाहिलं. चांगलं पाहिलं.

"सुचलंय ना तुला काहीतरी?" ताई म्हणाली. "नाकपुड्या फुगल्यात."

"सुचलंय."

"मग लिहीत का नाहीस?"

"आधी तुला विचारतो. नाव तेच राहू दे, खाष्ट साबण. आणि खाली..." त्याने वडी अलगद ताटात ठेवली. "'मळ आपण होऊन पळत नाही. आम्ही त्याला घालवून देतो.'"

ताई खिडकीबाहेर पाहत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. फिरकी घाबरून अर्धा उठला, तर ती हसत होती. तोंडावर हात घेऊन, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती.

"नको रे बाबा," ती म्हणाली. "हे नको."

"बरं. नको तर नको." त्याने पेन्सिल खिशात ठेवली. अगदी मनापासून ठेवली.

ताईने स्टोव्ह पेटवला, चहाचं आधण ठेवलं. साखरेचा डबा काढला, परत ठेवला. पाठमोरी उभी होती. पाणी उकळायला लागलं तेव्हा तिने मागे न बघताच म्हटलं,

"तेच कर."